वाघांपुढे कसं वागावं

"आमची अट अशी काहीच नाही," श्री. मधुसूदन वाघ नाशिकहून फोनवर म्हणाले. "फक्त सफारीत शांतता असावी. गेल्या खेपेला आमच्या गाडीत एक कुटुंब होतं, त्यांनी अडीच तास वेफर्सची पिशवी वाजवली. माझं असं मत आहे पटले, की माणूस घरात कळत नाही, जंगलात कळतो."

पटलेबाबूंनी हे वाक्य समोरच्या पॅडवर उतरवून घेतलं, खाली तारीख टाकली, आणि मग त्यांना घाम फुटला.

योगराज पटले हे गोंदियातल्या एका सरकारी कचेरीत मोठे बाबू. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दुसऱ्यांना 'कारणे दाखवा' नोटिसा किती काढल्या याची गणती नव्हती. त्यांना स्वतःला मात्र एकही आली नव्हती. ही गोष्ट ते कुणाला मुद्दाम सांगत नसत. पण दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसलेल्या कुणाला ती माहीत नाही, असंही कधी झालं नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी नूतन पुण्यात नोकरीला होती आणि तिनं तिथंच वाघांचा मुलगा पसंत केला होता. मुलाला रजा मिळत नव्हती, म्हणून आईवडीलच घर बघायला गोंदियाला लागूनच्या कुडव्याला येणार होते, आणि आलोच आहोत तर जंगलही बघू म्हणत होते. घर बघण्याची पटलेबाबूंना चिंता नव्हती. घराला नुकताच रंग दिला होता. जंगलाला काय देणार?

"बाबा, काही विशेष करू नका," नूतननं पुण्याहून बजावलं. "फक्त नॉर्मल राहा."

"नॉर्मल म्हणजे नेमकं कसं, ते लिहून पाठव," पटलेबाबू म्हणाले.

तिनं काही पाठवलं नाही. तेव्हा सगळी जबाबदारी आपल्यावरच आली, असं त्यांनी गृहीत धरलं.

कुडव्याच्या त्या गल्लीत बातमी पसरायला एक सकाळ पुरली. पहिल्यांदा ती "पटल्यांकडे वाघ येऊन राहिले" अशी गेली, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत "पटले वाघाच्या घरी पोरगी देऊन राहिले" अशी झाली, आणि संध्याकाळी समोरचे देवेंद्रभाऊ सल्ला द्यायला हजर झाले. देवेंद्रभाऊंचं हार्डवेअरचं दुकान होतं. ते दोनदा जंगलात जाऊन आले होते. वाघ त्यांना दोन्ही वेळा दिसला नव्हता, पण त्यामुळे त्यांच्या ज्ञानात काही कमी पडलं नव्हतं.

"टेन्शन मत लो पटलेजी. तीनच गोष्टी हायेत. पयली, साबण, तेल, पावडर सब बंद. कमीत कमी तीन दिवस. वाघाले दोन कोसांवरून वास येते."

"आणि दुसरी?"

"कपडे. खाकी पाह्यजे. झाडात झाड दिसलं पाह्यजे माणूस. आन तिसरी, पोट खाली ठेवा. पोटात काही गेलं का माणूस ढेकर देते. मागच्या टाइमले माझ्या ढेकरीनं वाघ गेला."

"पण तुम्हाला तर वाघ दिसलाच नव्हता."

"तेच त सांगून राहिलो ना!"

पटलेबाबूंनी तिन्ही सल्ले मानले. साबण त्याच रात्री बंद झाला. खाकी कापड घेऊन ते कवडू टेलरकडे गेले आणि साधा शर्ट, साधी पँट शिवायला सांगून आले. आता कवडू टेलर हा सज्जन माणूस; पण वीस वर्षं त्यानं होमगार्डांचे गणवेश शिवले होते, आणि खाकी कापड हाताखाली आलं की त्याचा हात दुसरीकडे वळतच नसे. शर्टाला खांद्यावर पट्ट्या आल्या. छातीवर झाकणाचे दोन खिसे आले. पँटीची इस्त्री अशी, की तिच्यावर सुपारी कातरावी. पटलेबाबू आरशासमोर उभे राहिले तेव्हा आरशातल्या माणसाला सलाम ठोकावा की आपलं लायसन्स दाखवावं, हे त्यांनाच कळेना.

त्यांच्या पत्नी धनवंताबाईंनी त्यांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"शिट्टी तेवढी राह्यली," त्या म्हणाल्या.

मग परिपत्रक निघालं. 'विषय: वन्यजीव सफारीदरम्यान कुटुंबीयांच्या वर्तनाबाबत.' एकूण सतरा मुद्दे. मुद्दा क्रमांक चारप्रमाणे शिंक आल्यास ती यथाशक्ती पुढे ढकलायची होती. मुद्दा क्रमांक नऊ असा, की वाघ दिसल्यास 'अगबाई', 'बापरे' अथवा 'अरे बाप्पा' यांपैकी कोणताही उद्गार काढू नये. मनात काढण्यास हरकत नाही. मुद्दा क्रमांक बारा: 'मोबाईल बंद ठेवावा.' खाली 'वाचून समजले' म्हणून सहीला जागा. धनवंताबाईंनी भाजी चिरता चिरता सही केली. नूतन आदल्या दिवशी आली, तिनं वाचून सही केली, आणि मग बराच वेळ डोळे मिटून बसली.

रंगीत तालीम अंगणात झाली. प्लास्टिकच्या पाच खुर्च्या जिप्सीसारख्या मांडल्या. बोलायचं नाही, फक्त बोटं: एक बोट चितळ, दोन सांबर, तीन गवा, चार अस्वल, पूर्ण पंजा म्हणजे वाघ. धनवंताबाई मध्येच उठून स्वयंपाकघराच्या दारात गेल्या आणि तिथून त्यांनी जोरजोरात पंजा दाखवला.

"शाब्बास! असाच!" पटलेबाबू म्हणाले. "पण हलवायचा नाही. स्थिर ठेवायचा."

त्यांनी स्थिर ठेवला. दूध पूर्ण उतू गेलं.

"तीन घंटे मुकं बसाचं त बसतो मी," पातेलं घासता घासता धनवंताबाई म्हणाल्या. "तुमी बसाल का, ते सांगा पयले."

वाघ पतिपत्नी आले. श्री. वाघ उंच, पांढऱ्या मिशांचे, बँकेतून निवृत्त झालेले. बोलणं असं, की एक वाक्य झालं की दुसऱ्यासाठी पाट मांडून बसावं. शालिनीताई वाघ हसऱ्या होत्या, पण हसण्याआधी एकदा नवऱ्याकडे बघत. घर बघून झालं. "छान आहे," श्री. वाघ म्हणाले. रंग कुठला, हे त्यांनी विचारलं नाही. पटलेबाबूंच्या शेजारी बसल्यावर शालिनीताईंनी रुमाल नाकाशी नेला, तो दुपारचं जेवण होईपर्यंत तिथंच राहिला. साबण सोडून तिसरा दिवस होता, आणि गोंदियातला एप्रिल होता.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आत मंडळी गेटवर पोचली. कोणतं गेट ते सांगत नाही. पटलेबाबूंनी ते सांगू नये अशी विनंती केली आहे.

तिथं पहिली अडचण ओळखपत्राची निघाली. मूळ ओळखपत्र कधी घराबाहेर काढायचं नसतं, ही पटलेबाबूंची श्रद्धा. त्यांनी सगळ्यांच्या झेरॉक्स आणल्या होत्या, प्रत्येकीवर 'सत्यप्रत' शिक्क्यासह. गेटवरच्या बाबूनं, त्याचं नाव जागेश्वर, त्या मोठ्या आदरानं पाहिल्या, हात फिरवला, आणि परत दिल्या.

"लय सुंदर काम हाये साहेब. पण ओरिजिनल लागते."

पटलेबाबू त्याला सत्यप्रतीचं महत्त्व समजावून सांगू लागले. धनवंताबाईंनी त्यांना पुरतं बोलू दिलं, मग आपली रेक्झिनची बॅग उघडली आणि पाचही मूळ कार्डं काउंटरवर ठेवली. वाघांचीसुद्धा. ती त्यांनी रात्रीच मागून घेतली होती.

हे चालू असताना एक म्हातारा पटलेबाबूंच्या मागे येऊन उभा राहिला. त्यानं वाकून नमस्कार केला. उदाराम त्याचं नाव. "साहेब, डुकरानं धान खाल्लं. पंचनाम्याले काऊन कोणी येऊन नाही राहिलं जी?"

"मी वनखात्याचा नाही हो."

उदारामनं खांद्यावरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. साहेबलोक असंच म्हणतात, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. तो हलला नाही. पटलेबाबूंनी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा मात्र सवय आडवी आली आणि तोंडून निघून गेलं, "अर्ज दिला होता का? पोच घेतली का?" पाठोपाठ आणखी दोघं रांगेत लागले. श्री. वाघ गळ्यात कॅमेरा अडकवून हे सगळं शांतपणे बघत होते. ते काय पाहताहेत हे कळावं म्हणून पटलेबाबूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर फक्त मिशा होत्या.

मोबाईल जमा करायची वेळ आली. सगळ्यांनी आपापले फोन एका पिशवीत टाकले. त्यांच्या गाडीची गाइड शामकला उईके ही जवळच्याच टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, तिशीतली बाई; अंगात खाकी तिच्याही होती, पण वापरून मऊ झालेली. ती म्हणाली, "बॅगा एक डाव पाहून घेतो जी."

पटलेबाबूंना हे लागलं. होणाऱ्या व्याह्यांसमोर बॅग तपासायची म्हणजे काय? "बाई, आमच्या कुटुंबाकडून नियमभंग होणार नाही. मी लेखी देतो." आणि त्यांनी जागेश्वरकडून कागद मागून घेऊन खरोखर लिहून दिलं: 'आमच्या वाहनातील कोणाकडेही भ्रमणध्वनी संच नाही, याची मी व्यक्तिशः खात्री केली आहे.' सही, नाव, हुद्दा. शामकलानं कागदाकडे पाहिलं, त्यांच्या कपड्यांकडे पाहिलं आणि बॅग सोडून दिली.

गाडी आत शिरली. सागाची पानं गळून गेलेली, वाटेवर धुळीचा पिठासारखा थर, मोहाची फुलं वेचायला आलेली दोन चितळं. सगळे गप्प होते. पटलेबाबूंच्या मनात आलं, परिपत्रक फुकट गेलं नाही.

पण शांतता टिकवायची तर तिच्यावर लक्ष ठेवायला हवं. शालिनीताईंनी पर्समधून वेलदोडा काढला. पटलेबाबूंनी "शूऽऽ" केलं. नूतन खोकली, "शूऽऽ" केलं. ड्रायव्हर रोशननं गिअर बदलला, तर त्यालाही "शूऽऽ" झालं. त्यांच्या "शू"नं एक नीलपंख उडाला, दुसऱ्या "शू"नं सांबराची मादी पिल्लासकट झाडीत गेली. मग दूर झाडीत काही काळं दिसलं आणि पटलेबाबूंनी उभं राहून चार बोटं दाखवली. कोपर श्री. वाघांच्या कॅमेऱ्याला लागलं. काळं होतं ते वारूळ होतं.

"साहेब," शामकला मागे न वळता हळूच म्हणाली, "तुमी खाली बसा. आन थोडे चूप राहा ना जी. बाकीचे सारे चूपच हायेत."

एकतीस वर्षांत त्यांना कुणी असं बोललं नव्हतं. ते बसले. कान लाल झाले. आणि मग, देवेंद्रभाऊंच्या तिसऱ्या सल्ल्यानुसार आदल्या दुपारपासून रिकामं असलेलं त्यांचं पोट बोललं. सुरुवात खर्जात झाली, मध्ये थोडी तान घेतली आणि शेवट प्रश्नासारखा वर गेला. श्री. वाघांनी कान टवकारले.

"अस्वल?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही," नूतन म्हणाली, "बाबा."

इतक्यात वानर खेकसलं. मग चितळानं हाक दिली, एकदा, दोनदा. शामकलानं हात वर केला, रोशननं इंजिन बंद केलं. पुढं उजव्या हाताला एक पाणवठा होता. त्याच्या काठच्या बांबूत काही हललं.

"वाघ," शामकला श्वासात म्हणाली.

"हं?" श्री. वाघ म्हणाले.

आणि मग त्यांनाही दिसली. वाघीण होती. बांबूतून निघाली, पाण्याशी आली, मागचा भाग आधी पाण्यात बुडवून, आपल्याच घरच्या टाक्यात बसावं तशी बसली. मागून आणखी एक गाडी येऊन थांबली होती, तिच्यातले लोकही श्वास रोखून होते. वारा नव्हता. वाघिणीच्या पाणी पिण्याचा लपलप आवाज ऐकू येत होता. श्री. वाघांचा कॅमेरा हातात तसाच होता. त्यांनी तो वर केलाच नव्हता. धनवंताबाईंनी शालिनीताईंचा हात धरला होता. पटलेबाबूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या जिल्ह्यात, आपल्या गाडीसमोर, आपल्या पाहुण्यांना असं काही दिसावं! त्या क्षणी ते खरोखर चूप होते, सूचना न देता, कुणाकडे न बघता.

साडेसात वाजले.

"कुकूऽऽच कू!"

आवाज गाडीतून आला होता. वाघीण पाण्यातून उठली.

"कुकूऽऽच कू!"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. पटलेबाबूंची ब्लड प्रेशरची गोळी रोज साडेसातला असते आणि ती ते रोज विसरतात. त्यासाठी धनवंताबाईंनी आपला जुना, बटणांचा फोन ठेवला होता. त्यात सिम नव्हतं, फक्त गजर होता. तो त्यांच्या लेखी फोन नव्हताच, घड्याळ होतं. तरीही परिपत्रकातला मुद्दा क्रमांक बारा पाळायचा म्हणून त्यांनी तो आठवणीनं बंद केला होता. बंद केलेला तो फोन गजराच्या वेळी आपला आपण जागा होतो, हे त्याच्या कंपनीशिवाय फार थोड्यांना माहीत असेल.

"कुकूऽऽच कू!"

पटलेबाबूंनी बॅगेवर झडप घातली. चेन अडकली. कोंबडा अधिकाधिक मोकळ्या गळ्यानं आरवू लागला. वाघीण पळाली नाही, गुरगुरलीही नाही. ती काठावर येऊन उभी राहिली, कान पुढं केले आणि सरळ गाडीकडे बघत राहिली. एवढ्या मोठ्या खाकी प्राण्यातून कोंबडा कसा बोलतो, असा काहीसा तिचा चेहरा होता. श्री. वाघांनी आता कुठे कॅमेरा वर केला. मागच्या गाडीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. अखेर पटलेबाबू बॅग खाली ठेवून तिच्यावर बसले. आवाज दबला आणि थांबला. वाघिणीनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली, मग वरिष्ठांनी अर्ज न वाचता बाजूला सारावा तशी मान फिरवून ती बांबूत निघून गेली.

गेटपर्यंत कुणी बोललं नाही. पटलेबाबूंना हवी होती तशी ती शांतता होती.

गेटवर मागच्या गाडीनं तक्रार केली. गंमत त्यांना वाटली होती, पण नियम तो नियम. जागेश्वरनं रजिस्टर उघडलं. गाडीत मोबाईल सापडला तर गाइड आणि ड्रायव्हर पंधरा दिवस पाळीवरून बंद, असं तिथं ठरलेलं होतं. एप्रिल-मे हेच काय ते गर्दीचे दिवस. पावसाळ्यात जंगल बंद. रोशन बूट धुळीवर घासत उभा राहिला. शामकलानं टोपी काढून काउंटरवर ठेवली.

"बॅग काऊन नाही पाह्यली व?" जागेश्वरनं विचारलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पाह्याले पाह्यजे होती."

जागेश्वर पटलेबाबूंकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुमी सर्विसवाले. तुमच्या नावाची काही गरज नाही. गाइडनं तपासणी केली नाही, एवढं लिहून देतो. तुमी निघा, पाहुणे खोळंबले."

पटलेबाबूंनी मागे पाहिलं. श्री. वाघ खांबाला टेकून उभे होते. नूतन जमिनीकडे बघत होती. असं एक वाक्य रजिस्टरात गेलं असतं तर एकतीस वर्षांची कोरी पाटी कोरीच राहिली असती, आणि असं वाक्य कसं लिहायचं हे त्यांच्याइतकं जिल्ह्यात कुणाला येत नव्हतं. त्यांनी स्वतः अशी पुष्कळ लिहिली होती. ज्यांच्यावर लिहिली ती माणसंही अशीच टोपी काढून उभी असत. त्यांचे चेहरे त्यांनी कधी पाहिले नव्हते, कारण मान खाली घालून लिहायचं असतं.

"थांबा," ते म्हणाले. "बाई बॅग बघत होत्या. मी अडवलं. माझा कागद आहे तुमच्याकडे. चूक माझी आहे, माझ्या नावावर लिहा."

जागेश्वरनं रजिस्टर त्यांच्यासमोर फिरवलं. "पण याच्यात पर्यटकाच्या चुकीचा रकानाच नाही ना जी. गाइड हाये, ड्रायव्हर हाये, वाहन क्रमांक हाये."

"शेरा आहे ना? शेऱ्यात लिहा."

"शेरा साहेबांचा असतो. साहेब दौऱ्यावर हायेत. दुपारी दोनले येतील."

"मग मी थांबतो. तोवर कोरा कागद द्या. खुलासा लिहितो."

"तुमाले कोणी मागितला खुलासा?"

"कुणी नाही," पटलेबाबू म्हणाले. "म्हणून तर आधी मला नोटीस काढावी लागेल."

आणि गेटच्या बाकावर बसून योगराज पटल्यांनी योगराज पटल्यांना 'कारणे दाखवा' नोटीस काढली. ती कडक होती. मग पान उलटून तिला उत्तर लिहिलं. मध्येच, खाली ठेवलेल्या बॅगेत कोंबडा पुन्हा आरवला. बॅगेवर बसल्यानं गजर बंद न होता नुसता पुढे ढकलला गेल्याची नोंद त्यांनी त्याच ओघात घेतली. उत्तर अकरा ओळींचं होतं. पहिल्या मसुद्यात 'अनवधानाने' हा शब्द तीनदा आला होता. नूतननं कागद हातात घेऊन वाचला, पेन मागितलं आणि तिन्ही खोडले. "अनवधान कसलं बाबा? तुम्ही मुद्दाम अडवलंत तिला." त्यांनी मान हलवली आणि कागद पुन्हा स्वच्छ लिहिला.

दोन वाजायला वेळ होता. गेटबाहेर मोहाच्या झाडाखाली धनवंताबाईंनी चादर अंथरली. बॅगेतून सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, निघाल्या, लाखोळीच्या डाळीचे वडे निघाले, आंब्याचं लोणचं निघालं. शामकला आणि रोशनला त्यांनी हाताला धरून बसवलं. शामकला लाजत म्हणाली, "असू द्या जी. कोणी कोणी त मले म्हणते, वाघ दाखव नाही त पैसे वापस. तुमच्याकडून तसं काही नाही झालं."

श्री. वाघ कॅमेरा घेऊन तिच्याजवळ येऊन बसले. "बाई, एक विचारू? हा फोटो नीट आला आहे का, ते मला कळत नाहीये." पडद्यावर वाघीण होती, कान पुढे, नजर सरळ भिंगात. "वीस वर्षं जंगलं हिंडतोय मी. वाघ आज पहिल्यांदा दिसला."

"सरळ पाहून राहिली जी," शामकला म्हणाली. "अशी थांबत नाही कधी. कोंबड्यासाठी थांबली."

कुणी हसलं नाही, कारण पटलेबाबू शेजारीच सही करत होते.

साहेब अडीचला आले. तरुण होते, घाईत होते. त्यांनी नोटीस वाचली, उलटून खुलासा वाचला, परत नोटीस वाचली. "दोन्ही तुम्हीच लिहिलंत?" हो म्हटल्यावर त्यांनी पेन मागितलं. मग शेऱ्यात त्यांनी लिहिलं: 'गाइड व ड्रायव्हर यांना ताकीद देऊन पाळीवर ठेवावे. श्री. पटले यांना एक वर्ष प्रवेश बंद.' एकतीस वर्षांत प्रथमच पटलेबाबूंचं नाव रजिस्टराच्या त्या बाजूला आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची चूक नव्हती. शामकलानं टोपी उचलून डोक्यावर घातली आणि दुपारच्या गाडीकडे निघाली, जाताना म्हणाली, "येतो जी. पुढच्या वर्षी या."

परतीच्या वाटेवर कुणालाच विषय सुचेना. शेवटी शालिनीताईंनी नवऱ्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली.

"धनवंताताई, मला बाई फार बरं वाटलं आज. आमच्या घरात कधी कुणाची चूकच नसते. चांगली माणसं आहेत सगळी, पण काही झालं की सगळे गप्प. बारा वर्षांपूर्वी माझा कुकर फुटला, छताला वरण लागलं. कोणी काही केलं नव्हतं. तोही म्हणे आपोआप फुटला. बारा वर्षं मलाच वाटतंय की मी झाकण नीट लावलं नव्हतं. तुमची नूतन येईल, तर तेवढं तरी बोलणारं कुणी येईल घरात."

'येईल' हा शब्द गाडीतल्या सगळ्यांनी ऐकला. नूतन खिडकीकडे वळली. पटलेबाबूंनी श्री. वाघांकडे पाहिलं. अंतिम निर्णय त्यांचा होता आणि ते मिशांमागे गप्प होते. एक गाव गेलं, दुसरं गाव गेलं, धानाची रिकामी खाचरं मागे पडत राहिली.

"शालिनी," श्री. वाघ म्हणाले.

"काय?"

"कुकरची ती शिट्टी मी काढली होती. आतून साफ करायला. परत बसवताना उलटी बसली असावी." पुढचं वाक्य यायला बराच वेळ लागला. "माझं चुकलं."

शालिनीताई नवऱ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं. ते हसू होतं की भांडण, हे अजून ठरायचं होतं. पटलेबाबूंचा हात आपसूक छातीवरच्या खिशातल्या पेनाकडे गेला. धनवंताबाईंनी तो वरच्यावर धरला आणि आपल्या मांडीवर ठेवून दिला.